शेपटी गळत नाही, जिरते

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या विद्यार्थ्यांच्या पानावर बेडकाच्या जीवनचक्राची चित्रे आली. भाताची शिवारे पाण्याने भरली आहेत आणि मुलांच्या हातात बरण्या आल्या आहेत, तेव्हा वेळ अगदी बरोबर साधली. मात्र शेवटच्या चित्राखाली ‘यानंतर शेपटी गळून पडते’ असे छापले आहे आणि त्याआधीच्या चित्रात पुढचे पाय आधी व मागचे नंतर फुटलेले दाखवले आहेत. या दोन्ही चुका गाइडांत आणि शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यांतही सापडतात. त्यामुळे दोष एकट्या आपल्या पानाचा नाही, पण दुरुस्ती कुठून तरी सुरू व्हायला हवी.

पालीची शेपटी तुटते, तशी बेडूकमाशाची तुटत नाही. येळ्ळूरच्या शिवारात एका रात्रीत शेकडो पिल्ले बांधावर चढतात, पण खाली चिखलात गळालेल्या शेपट्यांचा ढीग कधी कोणाला दिसलेला नाही. शेपटी जागच्या जागी जिरते. अन्न पोटात जिरते आणि पाणी जमिनीत जिरते, या दोन्ही अर्थांनी तो शब्द इथे चपखल बसतो. (एखाद्याची जिरवण्याचा तिसरा अर्थ पत्रांच्या या सदराला परिचित आहेच.) शेपटीतले स्नायू, पृष्ठरज्जू, चेतातंतू आणि कातडीचा पडदा हे सारे विरघळवून त्यातला माल शरीर परत वापरते. का वापरते, ते पुढे आतड्याच्या गोष्टीत येईल.

शेपटी जिरवण्याचा हुकूम सुटतो थायरॉईड ग्रंथीतून. सकाळी उपाशीपोटी घ्यायची थायरॉईडची गोळी आज बेळगावात किती घरांत असते ते कोणत्याही औषध दुकानदाराला विचारावे. त्या गोळीतले थायरॉक्सिन आणि बेडूकमाशाच्या गळ्यातल्या मोहरीहून लहान ग्रंथीतून पाझरणारे थायरॉक्सिन यांत एका अणूचाही फरक नाही. त्याच्या रेणूत अणूंची दोन कडी असतात आणि त्यांवर आयोडीनचे चार अणू, म्हणून त्याला टी-4 म्हणतात. त्यातला बाहेरच्या कड्यावरचा एक अणू काढला की टी-3 होते, आणि पेशींना खरा हुकूम हे टी-3 देते. माणसात हे संप्रेरक (हार्मोन) चयापचय सांभाळते आणि बाळाच्या मेंदूची वाढ पाहते. बेडकात ते अख्खा प्राणी मोडून नवा बांधते.

हे कळले कसे, ते थोडक्यात. 1912 मध्ये गुडरनाच या शास्त्रज्ञांनी बेडूकमाशांना वेगवेगळ्या ग्रंथींचे तुकडे खाऊ घातले. घोड्याची थायरॉईड खाल्लेले बेडूकमासे वाढायचे थांबले आणि काही दिवसांतच माशीएवढे बेडूक झाले. 1916 मध्ये अ‍ॅलन यांनी उलट बाजूने पाहिले. कोवळ्या पिल्लातली थायरॉईडच काढून टाकली, तर ती पिल्ले वाढत वाढत अवाढव्य बेडूकमासे झाली, बेडूक मात्र झालीच नाहीत. पुढे 1952 मध्ये टी-3 सापडले.

आता मुद्द्याची गोष्ट. रक्तातून सगळ्या अवयवांना संप्रेरक एकच पोचते. तरी त्याच रेणूने पाय फुटतो, शेपटी मरते, आतडे मोडून पुन्हा बांधले जाते आणि यकृत न मरता फक्त आपले काम बदलते. कोणी काय करायचे हे संप्रेरक ठरवत नाही. ते त्या त्या अवयवाच्या पेशीत आधीच ठरलेले असते, संप्रेरक फक्त ‘आता’ म्हणते. 1933 मध्ये श्विंड यांनी बेडूकमाशाचा डोळा काढून शेपटीवर रोवला आणि शेपटीचे टोक धडावर. रूपांतर झाले तेव्हा भोवतीची शेपटी जिरून गेली, पण डोळा शाबूत राहिला आणि बेडकाच्या पाठीमागे जाऊन बसला. धडावर लावलेले टोक मात्र धडावर असूनही जिरले. हे एक चित्र आपल्या पानावर छापले, तरी मुलांना अर्धा विषय समजेल.

पेशीच्या आत, जनुकांपाशी, या संप्रेरकाचे ग्राही, म्हणजे त्याला पकडणारी प्रथिने, बसलेले असतात. ते दोन प्रकारचे, अल्फा आणि बीटा. संप्रेरक नसताना हे ग्राही रिकामे बसत नाहीत. ते जनुक दाबून धरतात, दाराला आतून कडी घातल्यासारखे. टी-3 येऊन चिकटले की तेच ग्राही कडी काढतात आणि जनुक चालू होते. म्हणून 2015 मध्ये अल्फा ग्राही काढून टाकलेल्या बेडूकमाशांत मागचे पाय उशिरा नाही, उलट लवकर वाढू लागले: कडी घालणाराच उरला नव्हता. टी-3 जी जनुके चालू करते त्यांत बीटा ग्राहीचे जनुकही असते. म्हणजे हुकूम ऐकला की कान आणखी मोठे होतात. शेवटच्या आठवड्यात सगळे इतक्या झपाट्याने का घडते त्याचे एक कारण हे.

शेपटी मरते ती उपासमारीने नाही. कापलेले शेपटीचे टोक बशीतल्या पोषक द्रवात ठेवले तर बरेच दिवस जिवंत राहते. त्यात टी-3 टाकले की ते आक्रसू लागते. मूळचे मुंबईचे असलेले जमशेद टाटा यांनी 1966 मध्ये अशाच बशीतल्या शेपट्यांना टी-3 बरोबर नवीन आरएनए (जनुकाकडून निघणारा प्रथिने बनवायचा निरोप) तयार होणे थांबवणारे औषध दिले. शेपट्या जिरल्या नाहीत. याचा अर्थ असा की मरण्यासाठी शेपटीला आधी नवी प्रथिने तयार करावी लागतात. त्या नव्या प्रथिनांत पेशी आतून मोडणारी विकरे (एन्झाइम) असतात आणि पेशींना बांधून ठेवणाऱ्या कोलॅजन या प्रथिनाचे जाळे कापणारे कोलॅजिनेझही असते. माणसाच्या सांधेदुखीत आणि कर्करोगात ज्या कोलॅजिनेझच्या घराण्याचा आज अभ्यास होतो, त्यातले पहिले विकर 1962 मध्ये ग्रॉस आणि लापिएर यांना बेडूकमाशाच्या शेपटीतच सापडले. मोडलेल्या स्नायूंचे तुकडे भक्षक पेशी येऊन गिळतात. शेपटी काळपट व सुरकुतलेली दिसते ते याच दिवसांत.

मग आधी पाय आणि शेवटी शेपटी, हा क्रम कोण पाळते? पोहायचे साधन आधी गेले आणि पाय आले नाहीत तर पिल्लू बुडेलच. क्रमाची व्यवस्था आयोडीनचा अणू काढणाऱ्या विकरांत आहे. मागच्या पायाच्या कळीत टी-4 चे टी-3 करणारे विकर आधीपासून भरपूर असते, त्यामुळे रक्तात थोडे थायरॉक्सिन आले तरी पाय वाढू लागतो. शेपटीत त्याच वेळी दुसरे विकर जास्त असते, जे आतल्या कड्यावरचे आयोडीन काढून संप्रेरक निकामी करते. शेपटी या विकराच्या आडोशाला बसून राहते. ग्रंथी पूर्ण वेगात आली आणि शेपटीतही टी-3 बनवणारे विकर सुरू झाले की आडोसा संपतो. म्हणून आपल्या चित्रातले पाय उलटे झाले, ही बारीकशी चूक नाही. मागचे पाय आधी हा या सगळ्या यंत्रणेचा डोळ्यांना दिसणारा पुरावा आहे. पुढचे पाय कल्ल्यांच्या झाकणाखाली वाढत असतात, ते कातडी फोडून एकदम बाहेर येतात. डावा पाय बहुधा पाणी बाहेर सोडायच्या डाव्या बाजूच्या छिद्रातून निघतो.

आतडे पाहायचे तर बेडूकमासा उताणा करावा. चकलीचे वेढे घातल्यासारखे लांब आतडे पोटाच्या पातळ कातडीतून सरळ दिसते. शेवाळ पचवायला एवढी लांबी लागते, किडे पचवायला लागत नाही. प्रयोगशाळेतल्या आफ्रिकी झेनोपस बेडकात रूपांतरात आतड्याची लांबी सुमारे 75 टक्क्यांनी घटते. आतल्या अस्तराच्या बहुतेक पेशी मरतात आणि उरलेल्या थोड्या मूलपेशींपासून प्रौढ बेडकाचे घड्या असलेले अस्तर नव्याने तयार होते. याच काळात तोंडातली शेवाळ खरवडणारी शिंगासारखी चोच गळते (गळते हा शब्द इथे चालेल) आणि जबडा रुंद होतो. म्हणजे काही दिवस खायला तोंडही नाही आणि पचवायला आतडेही नाही. या दिवसांत बेडूक आपली शेपटी खाऊन जगतो.

यकृताचे काम बदलते ते नाकाला कळते. बेडूकमासा नत्राचा कचरा अमोनियाच्या रूपात पाण्यात सोडतो. जमिनीवर येणाऱ्याला ते परवडत नाही, म्हणून यकृतात युरिया बनवणारी विकरे वाढतात. तोवर बरणीतले पाणी अमोनियाने खराब होत राहते आणि शाळांतले बरेच बेडूकमासे त्याने मरतात. रक्तातले हिमोग्लोबिनही याच काळात बदलते. मेरुरज्जूत शेपटी हलवणाऱ्या चेतापेशी मरतात आणि पाय हलवणाऱ्या टिकतात.

यंदा ज्या शाळा बेडूकमासे पाळणार आहेत त्यांच्यासाठी काही नेमक्या गोष्टी. बरणी नको, पसरट प्लास्टिकचा टब घ्यावा. त्यात 10 लिटर पाणी आणि आठ-दहाच पिल्ले. नळाचे पाणी थेट ओतू नये. ते राकसकोप धरणाचे असो की हिडकलचे, त्यात क्लोरीन असते. उघड्या बादलीत 24 तास ठेवून मग वापरावे. त्याहून चांगले म्हणजे जिथून पिल्ले आणली त्याच डबक्याचे पाणी, फडक्याने गाळून. न गाळल्यास चतुराची पिल्ले आत येतात आणि दोन दिवसांत टब रिकामा होतो. खायला पालकाचे पान पाच मिनिटे उकळून, गार करून, नखाएवढे तुकडे एक दिवसाआड द्यावेत. बिस्किट, भात, पाव काही टाकू नये. उरलेले दुसऱ्या दिवशी काढावे आणि दर दोन दिवसांनी एक तृतीयांश पाणी बदलावे. टब उन्हात ठेवू नये. जुलैत खानापूरकडे हवा गार असते, तिथे सारे सावकाश होईल. गारव्यात पेशी संप्रेरकाला मंद प्रतिसाद देतात, त्याला घाबरू नये.

पिल्ले कोणत्या बेडकाची ते पाहावे. घराभोवती फिरणाऱ्या खरखरीत पाठीच्या बेडकाची पिल्ले काळीभोर, छोटी आणि थव्याने फिरणारी असतात. ती पाळायला सोपी. पहिल्या पावसात पिवळाधमक होऊन ओरडणाऱ्या मोठ्या बेडकाची पिल्ले मात्र मांसाहारी असतात. ती इतरांबरोबर ठेवली की महिनाअखेर टबात एकच गुबगुबीत पिल्लू उरते आणि मुले रडतात. छोट्या मायक्रोहायला बेडकाची पिल्ले काचेसारखी पारदर्शक असतात. त्यांचे हृदय भिंगाने दिसते, पण ती पाण्यातले कण गाळून खातात, पालकावर जगत नाहीत.

नोंद ठेवायची तर 1960 मध्ये गॉसनर यांनी केलेली 46 टप्प्यांची मांडणी शाळेला पुरते. सगळे टप्पे लक्षात ठेवायची गरज नाही. मागच्या पायाची कळी रुंदीच्या दुप्पट लांब झाली की टप्पा 30, पाचही बोटे सुटी दिसली की 37, पुढचे पाय बाहेर आले की 42 आणि शेपटी पूर्ण जिरली की 46. काचेच्या बशीखाली आलेख कागद ठेवून पिल्लू क्षणभर त्यावर घ्यावे, धड आणि शेपटी वेगवेगळी मोजावी आणि लगेच पाण्यात सोडावे. मुलांना एक गोष्ट स्वतःच्या आकड्यांत दिसेल: टप्पा 42 पर्यंत शेपटी भरपूर लांब असते आणि नंतर चार ते आठ दिवसांत नाहीशी होते.

सगळ्यात जास्त पिल्ले याच आठवड्यात दगावतात, तीही बुडून. कल्ले जिरलेले असतात, श्वास फुप्फुसाने चाललेला असतो आणि टबाच्या गुळगुळीत कडेवर चढता येत नाही. पहिला पुढचा पाय दिसला त्याच संध्याकाळी पाणी दोन-तीन सेंटिमीटरवर आणावे, टब एका बाजूने विटेवर टेकवावा आणि आत फुटक्या कौलाचा तुकडा ठेवावा. वरून मच्छरदाणीचे कापड बांधावे. खाणे पूर्ण बंद. ‘उपाशी आहे बिचारा’ म्हणून टाकलेला पालक फक्त कुजतो. शेपटी जिरली की त्याच डबक्याच्या काठावर, संध्याकाळी, ओल असताना सोडून द्यावे. दुसऱ्या तळ्यात किंवा शाळेच्या हौदात मुळीच नको. बेडकांच्या कातडीचा बुरशीजन्य रोग असाच एका पाण्यातून दुसऱ्यात जातो.

घरातली थायरॉईडची गोळी टबात टाकून पाहण्याचा मोह काहींना होतो. तो आवरावा. 100 मायक्रोग्रॅमची एक गोळी 10 लिटरमध्ये पूर्ण विरघळली तर लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम, म्हणजे सुमारे 13 नॅनोमोलर (द्रावणातल्या रेणूंच्या प्रमाणाचे माप) होते. बेडूकमाशाच्या स्वतःच्या रक्तात रूपांतराच्या शिखरावर टी-3 साधारण 10 नॅनोमोलरच्या घरात असते. म्हणजे एक गोळी कोवळ्या पिल्लाच्या दृष्टीने पूर आहे. अशा पुरात क्रमच मोडतो. पाय नुसते कोंब असतात तोवर कल्ले जिरतात, खालचा जबडा पुढे येतो, शेपटी आक्रसते आणि पिल्लू मरते. ‘लवकर बेडूक’ मिळत नाही. तसेच आयोडीनयुक्त मीठही टाकू नये. पाण्यात आणि शेवाळात आयोडीन लागते तेवढे असते आणि मिठानेच पिल्ले मरतात. आपल्याला मात्र ते मीठ लागते. दुकानातल्या मिठात आयोडीन किमान 15 पीपीएम (दहा लाख भागांत 15 भाग) असावे असा नियम आहे, तो याच ग्रंथीसाठी.

उलट दिशेने घोटाळा करणारे द्रव्यही आपल्या शिवारातच आहे. बटाट्यावरच्या करप्यासाठी फवारतात त्या मँकोझेबपासून इथिलीनथायोयुरिया तयार होते. ते थायरॉईडमध्ये आयोडीन बसवणारे विकर अडवते. पुरेसे थायरॉक्सिन न बनलेला बेडूकमासा नुसता वाढत राहतो, पाय उशिरा येतात आणि तोवर डबके आटलेले असते. म्हणून पंप धुतलेले पाणी नाल्यात किंवा भाताच्या चरीत सोडू नये, एवढे शेतकरी बांधवांना सांगावेसे वाटते.

डबके आपोआप आटू लागले तर पिल्लू स्वतःच घाई करते. पाणी कमी झाले, गर्दी झाली की मेंदूतून ताणाचे एक संप्रेरक सुटते, जे बेडूकमाशांत थायरॉईडलाही चालना देते. मग रूपांतर लवकर उरकते आणि बेडूक लहानखुरा निघतो. पावसाने आठ-दहा दिवस ओढ दिली की रस्त्याकडेच्या डबक्यांतून डाळीच्या दाण्याएवढी पिल्ले निघतात, त्यामागे हे आहे. आंबोलीच्या झुडपांतले काही बेडूक तर बेडूकमाशाची अवस्थाच गाळतात, त्यांच्या अंड्यातून थेट इवला बेडूक बाहेर येतो. उलट बेडकाचा शेपटीवाला नातलग, मेक्सिकोचा अ‍ॅक्सोलॉटल आयुष्यभर कल्ले घेऊन पाण्यात राहतो आणि त्याला थायरॉक्सिन दिले तर मुकाट्याने जमिनीवर येतो.

आपल्या पुढच्या पानावर ‘गळून पडते’च्या जागी ‘जिरून जाते’ एवढी दुरुस्ती छापावी ही विनंती. आणि तेच चित्र पुन्हा वापरणार असाल तर मागचे पाय आधी काढून घ्यावेत, आणि पुढचे पाय फुटलेल्या चित्रात शेपटी पूर्ण लांबीची ठेवावी.

आपला,
प्राणिशास्त्राचा एक शिक्षक,
खानापूर, जि. बेळगाव